ऐकू येतं, पण कळत नाही: श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली आहे का?

पिंपळपान

वय ५४, नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत. नुकतीच दोन्ही कानांची तपासणी झाली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान साफ आहेत, पडदे ठीक आहेत असं सांगितलं आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, हातात दिला. दोष आतल्या कानाचा आहे, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारण्यातला नाही. "श्रवणयंत्राचा उपयोग होईल, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा," एवढं बोलून ते थांबले. आता तेच ठरत नाहीये.

कुणाला त्यातलं कळत असेल तर आकडे देते. उजवा कान: ५०० हर्ट्झला २०, १००० ला २५, २००० ला ४०, ४००० ला ५५ डेसिबल. डावा: २०, ३०, ४५, ६०. शांत खोलीत शब्द ओळखण्याची चाचणी उजवीकडे ८८ टक्के, डावीकडे ८४.

घरात एका माणसाशी समोरासमोर बोलताना मला काही कमी आहे असं जाणवतही नाही. मीटिंगमध्ये मात्र पंचाईत होते. आमच्याकडे एक नवीन मुलगी आली आहे, कामात हुशार, पण बोलते हळू आणि तेही लॅपटॉपकडे बघत. तिचा आवाज मला सगळा ऐकू येतो, अर्थ निम्माच लागतो. 'साठ' म्हणाली की 'आठ', हे मागचं-पुढचं बघून ठरवावं लागतं. संध्याकाळी घरी येते तेव्हा डोकं इतकं शिणलेलं असतं की कुणाशी बोलायला नको वाटतं.

प्रश्न असे आहेत. इतक्यात यंत्र लावणं ही घाई नाही ना? एकदा लावलं की कान आळशी होतात म्हणतात, ते खरं का? दोन्ही कानांना हवं, की जास्त खराब असलेल्या एकालाच पुरेल? आणि ऑफिसात लोकांना दिसेल, हाही विचार मनात येतोच. ज्यांनी घेतलंय त्यांनी कसं ठरवलंत?

निशिगंध

ताई, मी बरीच वर्षं दोन्ही कानांना वापरतोय, म्हणून लिहितो.

ऑडिओग्राम बघून मी ठरवलं नाही. ठरवलं ते आपण काय काय सोडून दिलंय ते मोजून. फोन आला की तो बायकोकडे द्यायला लागलो होतो. व्याख्यानांना जाणं बंद केलं होतं, कारण शेवटची प्रश्नोत्तरं कधीच कळायची नाहीत. चारचौघांत बसलो की मीच एकटा बोलत राहायचो, कारण आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही. हे सगळं इतकं हळूहळू झालं की माझा स्वभावच असा झालाय असं मला वाटायचं, आणि घरच्यांनाही. एकदा कागदावर लिहून काढलं तेव्हा त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ कानात निघालं.

तुम्हीही एक यादी करून बघा. तुमच्या लिहिण्यातच तिची सुरुवात झालेली दिसते: संध्याकाळी कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

धुकं

मी जरा वेगळा सूर लावतो. वडिलांसाठी आम्ही श्रवणयंत्रं घेतली होती, चांगली भारीतली. दुकानात एका बूथमध्ये बसवून बीप-बीप ऐकवलं, संगणकाला यंत्र जोडलं, दोन बटणं दाबली आणि "झालं" म्हणाले. वडिलांना भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा आणि माणसांचं बोलणं होतं तसंच राहिलं. पुन्हा नेलं तर "सवय होईल" एवढंच उत्तर. आता ती यंत्रं कपाटात पडली आहेत आणि वडील म्हणतात, मला नकोच ते पुन्हा.

तेव्हा घाई करू नका. या धंद्यात विकण्याची घाई फार आहे. शिवाय ताईंना घरात नीट ऐकू येतंय, मग दोन-दोन यंत्रं कशाला?

श्रवणिका

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. ताई, तुमचे कान मी तपासलेले नाहीत, त्यामुळे जे लिहिते ते तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून.

चारही आकड्यांची सरासरी काढली तर उजवा कान ३५ आणि डावा ३९ च्या आसपास येतो (आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी). जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात जी वर्गवारी वापरली आहे, तीत २० ते ३५ म्हणजे सौम्य आणि ३५ ते ५० म्हणजे मध्यम श्रवणदोष. तुम्ही मध्यमच्या सुरुवातीला आहात. पण तुमच्या बाबतीत सरासरीवर फार जाऊ नका, आलेखाचा उतार बघा. खालच्या पट्टीत, म्हणजे जाड आवाजांत, तुम्हाला जवळजवळ नॉर्मल ऐकू येतं आणि वरच्या, बारीक आवाजांच्या पट्टीत आलेख घसरत जातो. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्यातला सगळा जोर त्यांच्यातच असतो. स, श, त, थ, फ, च यांची ओळख पटते ती २००० हर्ट्झच्या वर, ४००० च्या आसपास आणि त्याही पुढे, आणि हे आवाज मुळातच क्षीण असतात. म्हणून आवाज पोचतो आणि 'साठ'मधला 'स' वाटेतच गळतो. समोरासमोर असताना तुम्ही ओठ आणि चेहरा वाचता, बाकीचं मेंदू संदर्भाने भरून काढतो. ती मुलगी लॅपटॉपकडे बघून बोलली की ओठांचा आधार जातो. दिवसभर गाळलेल्या जागा भरत बसलं की संध्याकाळी डोकं शिणणारच. याला ऐकण्याचा थकवा म्हणतात आणि आमच्याकडे येणारे कितीतरी लोक आधी याचीच तक्रार सांगतात, कानाची नाही.

धुकं, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि बोलणं मात्र कळत नाही, याला नेमकं कारण आहे. आतल्या कानात प्रत्येक बाजूला साधारण १५,००० केसपेशी असतात. त्यातल्या बाहेरच्या रांगांतल्या, सुमारे १२,०००, हलक्या आवाजाला बळ देण्याचं काम करतात. वयाने, गोंगाटाने, काही औषधांनी आधी त्याच जातात आणि माणसाच्या कानात त्या परत येत नाहीत. त्या गेल्या की हलका आवाज नाहीसा होतो, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. मधली सहन होणारी जागा अरुंद होते. "जरा मोठ्याने बोल" आणि "ओरडतोस कशाला" ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी एकामागोमाग येतात ती त्यामुळे. चांगलं यंत्र सगळंच सरसकट मोठं करत नाही. हलक्या आवाजाला भरपूर वाढवतं, मध्यमला थोडं, मोठ्याला जवळजवळ हातच लावत नाही. हे प्रमाण प्रत्येक पट्टीत वेगळं ठेवावं लागतं आणि त्या माणसाच्या कानाप्रमाणे जुळवावं लागतं.

ते जुळवणंच तुमच्या वडिलांच्या वाट्याला आलेलं दिसत नाही. संगणकात ऑडिओग्राम भरला की कंपनीचं सॉफ्टवेअर अंदाजे एक जुळणी करून देतं. ती सरासरी कानाची असते. प्रत्येकाच्या कानाच्या नळीची लांबी-रुंदी वेगळी, त्यामुळे पडद्यापाशी प्रत्यक्षात किती आवाज पोचतो तोही वेगळा. तो मोजायचा असेल तर एक बारीक मऊ नळी कानात सरकवतात, तिच्यावरून यंत्र बसवतात, समोरच्या स्पीकरवर बोलणं लावतात आणि नळीच्या टोकाशी पोचलेला आवाज संगणकाच्या पडद्यावर बघतात. वरच्या पट्टीत कमी पडतोय असं दिसलं की तिथल्या तिथे वाढवतात. याला रिअल इअर मेझरमेंट म्हणतात. काही मिनिटांचं काम आहे, तरी बऱ्याच ठिकाणी करत नाहीत. ताई, यंत्र कुठल्या कंपनीचं हे विचारण्याआधी "तुमच्याकडे रिअल इअर मेझरमेंट करतात का?" हे विचारा. मध्यम दर्जाचं यंत्र नीट जुळवलेलं असेल तर ते न जुळवलेल्या भारी यंत्रापेक्षा कामाचं असतं, हे मी रोज बघते.

कान आळशी होत नाहीत. नीट बसवलेल्या यंत्रात कमाल आवाजाला मर्यादा घातलेली असते, त्याने कान बिघडत नाही. लोकांना तसं वाटतं याचं कारण असं की सवय झाल्यावर यंत्र काढलं की जग एकदम शांत वाटतं. ते आधीही तितकंच शांत होतं, फक्त आता फरक कळायला लागलेला असतो.

दोन्ही कान सारखेच गेलेले असतील तर दोन्हींना यंत्र. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांमधल्या वेळेच्या आणि जोराच्या अगदी बारीक फरकावरून ओळखतो, आणि गोंगाटातून एका माणसाचं बोलणं वेगळं काढायला तोच फरक कामी येतो. एका कानाला लावून दुसरा वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर त्या दुसऱ्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता कमी होत गेल्याचंही आढळलं आहे. काही जणांना, विशेषतः फार वय झालेल्यांना, एकाच कानाने जास्त स्पष्ट कळतं. पण ते वापरून, तपासून ठरवायचं, आधीच नाही.

वेळेबद्दल: शब्द ओळखण्याचे तुमचे आकडे अजून चांगले आहेत. म्हणजे आवाज पोचवला तर त्याचा अर्थ लावणारी यंत्रणा शाबूत आहे. या टप्प्यावर यंत्राचा चांगला फायदा होतो.

चाफा

श्रवणिका, तुमचा प्रतिसाद छापून आईला वाचायला देणार आहे.

मी ऐकू न येणाऱ्याच्या बाजूला राहणारी. त्या बाजूने दोन शब्द. आई दर वाक्याला "काय?" म्हणायची आणि दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढायचा. आवाज चढला की शब्द आणखी फाटतात, चेहरा रागीट दिसतो, आणि आई म्हणायची, जाऊ दे, काही नाही. "जाऊ दे" हे घरात दोन्ही बाजूंनी इतकं वाढलं की बारीकसारीक बोलणं बंदच झालं. कामाचं तेवढं बोलायचं. यंत्र लावल्यावर पहिल्यांदा परत आलं ते हेच बिनकामाचं बोलणं. दुसऱ्या खोलीतून काही पुटपुटलं तर आई तिथून उत्तर देते, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

पण यंत्र आलं म्हणून घरच्यांची जबाबदारी संपत नाही. आम्ही अजूनही आधी हाक मारतो, तिने वळून बघितलं की मगच बोलतो. तोंडावर उजेड असेल असं बसतो. कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने न म्हणता शब्द बदलून सांगतो, कारण न पोचणारा शब्द दुसऱ्यांदाही पोचत नाही. टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचं बोलत नाही.

धुकं

श्रवणिका, धन्यवाद. ती नळी घालून मोजायची तपासणी वडिलांची झाली नव्हती हे नक्की. तीच यंत्रं दुसरीकडे नेऊन जुळवता येतील का? की नवीनच घ्यावी लागतील?

आणखी एक. आजकाल "ऐकू येत नसेल तर स्मृतिभ्रंश होतो" असं सांगून घाबरवतात. यात खरं किती?

श्रवणिका

यंत्रं चालू स्थितीत असतील आणि त्यांचं सॉफ्टवेअर समोरच्याकडे असेल तर नक्की जुळवता येतात. काही यंत्रं विकणाऱ्याने स्वतःपुरती कुलूपबंद केलेली असतात, दुसऱ्याला ती जुळवता येत नाहीत, ते आधी फोनवर विचारून घ्या. जाताना कानाची तपासणी नव्याने करून घ्या, जुन्या आलेखावर जुळवू नका.

स्मृतिभ्रंशाबद्दल जपून बोलायला हवं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक सांगितले, त्यात श्रवणदोष आहे. म्हणजे संबंध आहे. पण श्रवणदोष असलेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा त्याचा अर्थ नाही. यंत्राने तो टळतो का, यावर 'अचीव्ह' नावाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर यंत्र घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठळक फरक दिसला नाही. मात्र ज्यांना मुळातच जास्त धोका होता त्या गटात बौद्धिक घसरणीचा वेग यंत्रामुळे ४८ टक्क्यांनी कमी दिसला. आशा वाटावी असा निष्कर्ष आहे, पण भीती दाखवून यंत्र विकायला त्याचा वापर करणं मला अजिबात पटत नाही. माणसांशी बोलता यावं, हे कारण यंत्र घ्यायला पुरेसं आहे.

रानवाट

ताईंच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. वर जे चाललंय ते हळूहळू कमी होत गेलेल्या ऐकण्याबद्दल. एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद वाटला, एक-दोन दिवसांत एका बाजूचं ऐकणं झपकन उतरलं, तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. आतल्या कानाचं कारण असेल तर स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू केले तरच फायद्याची शक्यता असते, पहिले काही दिवस फार महत्त्वाचे. माझ्या जवळच्या माणसाचा तो वेळ कानात तेल घालण्यात गेला.

श्रवणिका

रानवाट, फार गरजेचं लिहिलंत. त्यात भर घालते. एकाच कानाचं ऐकणं दुसऱ्यापेक्षा बरंच कमी असणं, एकाच कानात सतत आवाज येणं, कान वाहणं, दुखणं, चक्कर येणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग यंत्र. एका बाजूचा दोष असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय करायला सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत काही निघत नाही, पण बघून घ्यावं लागतं. कधी कधी नुसता मळ काढून किंवा मधल्या कानावर उपचार करून ऐकणं परत येतं, तिथे यंत्राची गरजच नसते.

तानपुरा

गाणं ऐकणाऱ्या, गाणाऱ्या लोकांसाठी एक माहिती, कारण मी याच एका गोष्टीसाठी बरेच दिवस यंत्र टाळत होतो.

श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं. शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक सोय असते. बाहेर पडलेला आवाज परत माइकमध्ये शिरला की तो ओळखून कापायचा. आता तंबोऱ्याचा लांबलेला सूर किंवा बासरी यंत्राला त्या शिट्टीसारखीच वाटते. मग तो सूर कापायच्या नादात यंत्र त्यात एक थरथर घालतं. मी षड्ज लावून बसलो की जोडीला एक किंचित बेसूर, लहरणारी सावली ऐकू यायची. मला वाटलं यंत्र खराब आहे. बसवणाऱ्या बाईंना तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून दाखवलं, तेव्हा त्यांनी संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला. त्यात शिट्टी रोखण्याची सोय मंद केलेली, गोंगाट कमी करणारी बंद, आणि लहान-मोठ्या आवाजातलं अंतर जास्त मोकळं ठेवलेलं. बटण दाबलं की तो प्रोग्राम सुरू होतो. पूर्वीच्या कानासारखं आहे असं नाही म्हणणार, पण बसून ऐकता येतं, आणि सरोदच्या आघाताची धार, जी कित्येक वर्षं गोल झाली होती, ती परत मिळाली.

पिंपळपान

इतक्या आपुलकीने लिहिलंत, सगळ्यांचे आभार. निशिगंध, तुम्ही सांगितलेली यादी केली. ती इथे लिहीत नाही, पण लांब निघाली, आणि निर्णय बहुतेक तिनेच केला.

आता व्यवहाराचे प्रश्न. कानात पूर्ण बसणारी, बाहेरून न दिसणारी यंत्रं घ्यावीत का? आणि ऑफिसातला एक सहकारी म्हणतो की हल्ली साध्या इअरबड्समध्येही ही सोय आली आहे, मग यंत्र कशाला?

श्रवणिका

न दिसणारी यंत्रं तुमच्या आलेखाला फारशी सोयीची नाहीत. खालच्या पट्टीतलं तुम्हाला नैसर्गिकपणे ऐकू येतं. कानाची नळी बुजवली की तो नैसर्गिक आवाज अडतो आणि स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं वाटतं. तुमच्यासारख्यांना बहुतेक वेळा कानामागे बसणारं छोटं यंत्र, त्यातून जाणारी बारीक तार आणि तिच्या टोकाला, कानात बसणारी, भोकं असलेली मऊ टोपी (डोम), असा प्रकार मानवतो. याला आरआयसी म्हणतात. नळी उघडी राहते, खालचं आपोआप आत येतं, वरचं यंत्र पोचवतं. शिवाय अगदी छोट्या यंत्रांत दोन माइक मावत नाहीत, आणि समोरच्याचं बोलणं गोंगाटातून उचलायला दोन माइक लागतात.

इअरबड्स: अमेरिकेत २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय यंत्रं विकायला परवानगी आहे, आणि २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रोमधल्या अशा सोयीलाही तिथल्या नियामकांची मान्यता मिळाली. सौम्य दोष असेल, तासा-दोन तासांपुरतं हवं असेल, तर सुरुवात म्हणून हरकत नाही. तुमचा आलेख ४००० ला ५५-६० पर्यंत उतरलाय आणि गरज कामाच्या पूर्ण दिवसाची आहे. बहुतेक इअरबड्सची बॅटरी तेवढी टिकत नाही आणि कान बंद राहतो. याहून वेगळी असतात ती स्वस्तातली 'आवाज वाढवणारी' यंत्रं. ती सगळंच सारखं मोठं करतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

घेताना एवढं बघा: काही आठवडे वापरून परत करण्याची मुभा आहे का, त्या काळात पुन्हा पुन्हा जुळवून देतात का, टेलिकॉइल (सभागृहातल्या लूप यंत्रणेचा आवाज थेट यंत्रात घेणारी सोय) आणि ब्लूटूथ आहे का. किमतीत पुढची सेवा धरलेली आहे की वेगळी, हे लेखी घ्या.

निशिगंध

दिसण्याबद्दल. माझी यंत्रं कानामागे आहेत. लोकांच्या लक्षातही येत नाही, आणि आलं तर ते बोलताना आपोआप माझ्याकडे बघून बोलतात. हा फायदा मला न दिसणाऱ्या यंत्राने मिळाला नसता. दर वाक्याला "काय?" विचारणं कानामागच्या त्या तुकड्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, ताई.

आणि पहिल्या आठवड्याची तयारी ठेवा. चष्मा लावला की त्याच क्षणी स्पष्ट दिसतं, तसं इथे होत नाही. नळाचं पाणी, पिशवीची चुरचुर, कीबोर्डची टकटक, स्वतःच्या कपड्यांची सळसळ, सगळं अंगावर येतं. मेंदूने हे आवाज वर्षानुवर्षं ऐकलेले नसतात, कुठला सोडून द्यायचा हे त्याला परत शिकावं लागतं. ते शिकणं यंत्र कानात असतानाच होतं. फक्त मीटिंगपुरतं लावलं तर कधीच होत नाही. घरात, शांततेत, सकाळपासून लावा. फार झालं तर थोडा वेळ काढून ठेवा, पण रोज लावा.

पिंपळपान

बरेच दिवसांनी लिहिते आहे. दोन्ही कानांना आरआयसी घेतली, वापरून बघण्याच्या बोलीवर. बसवणाऱ्यांना पहिलाच प्रश्न रिअल इअरचा विचारला. दोन ठिकाणी "त्याची गरज नसते" म्हणाले, तिथून निघून आले. तिसरीकडे त्यांनी नळी घालून मोजलं आणि पडद्यावर मला दाखवलं: सॉफ्टवेअरने केलेली जुळणी ३००० च्या पुढे डाव्या कानाला चक्क कमी पडत होती. ती रेघ वर सरकवली आणि त्याच क्षणी समोरच्या बाईंच्या बोलण्याला कडा आल्या. दुसरा शब्द सुचत नाही.

ऑफिसात मीच सगळ्यांना सांगून टाकलं. त्या मुलीलाही सांगितलं की माझ्याकडे बघून बोललीस तर मला फार मदत होईल. आता ती मान वर करून बोलते, आणि बाकीच्यांनीही हळूच सांगितलं की त्यांनाही तिचं बोलणं आता नीट कळतं. मोठ्या टेबलावरच्या लांबच्या माणसाचं अजूनही निसटतं.

सगळं जमलं असं नाही. स्वतःचा आवाज काही दिवस परका वाटला, तो आता सवयीचा झालाय. पाऊस पडताना छत्रीखाली फार गलका होतो. पण संध्याकाळचं डोकं हलकं असतं. जेवताना मुलाशी बोलत बसते, तोही बोलतो.

श्रवणिका, डाव्या यंत्राचा आवाज मधेच बारीक होतो, बॅटरी भरलेली असते तरी. बिघडलंय का?

श्रवणिका

वाचून फार आनंद झाला. बिघाड नसावा, बहुतेक मळ आहे. डोम ओढून काढा, आतल्या स्पीकरच्या तोंडाशी एक पांढरी बारीक जाळी दिसेल, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. ती भरली की आवाज असाच उतरतो. सोबत दिलेल्या काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची आणि दुसऱ्या टोकाने नवी बसवायची. डोम परत घट्ट बसवा, तो कानात राहून गेला तर स्वतः काढायला जाऊ नका. रोज रात्री यंत्र कोरड्या कापडाने पुसा, पाणी किंवा स्पिरिट लावू नका, आणि ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा.

लांबच्या माणसाबद्दल: अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि यंत्राचे माइक खरं काम करतात ते मीटर-दोन मीटरपर्यंतच. टेबलाच्या मध्यभागी ठेवायचा वेगळा माइक मिळतो, तो आवाज थेट यंत्रात पाठवतो. तुमच्या मॉडेलला जुळणारा आहे का ते विचारा. वापरून बघण्याची मुदत संपायच्या आत मागून घ्या आणि एका खऱ्या मीटिंगमध्ये लावून बघा.

धुकं

वडिलांची जुनी यंत्रं दुसरीकडे नेऊन नळी घालून जुळवून आणली. विकणाऱ्याने ती कुलूपबंद केलेली नव्हती. वडील सध्या सकाळचे काही तास लावतात, दुपारी काढतात. त्यांची यंत्रं बदलायच्या बॅटरीची आहेत, तपकिरी पट्टीची, ३१२ नंबरची. तिथे एक गोष्ट कळली जी आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती. पट्टी सोलल्यावर बॅटरी लगेच घालायची नाही, मिनिटभर हवेत ठेवायची. ती हवेवर चालते. आणि काढलेली बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, गिळली तर फार धोकादायक असते.

श्रवणिका, दुपारचेही तास वाढवायचे असतील तर आवाज थोडा कमी करून मागू का, की आहे तसाच ठेवू?

श्रवणिका

सरसकट कमी करून मागू नका, बोलणं परत निसटेल. त्यांना नेमका कुठला आवाज टोचतो ते दोन-तीन दिवस लिहून ठेवा: भांडी, रहदारी, की स्वतःचा आवाज. तो कागद घेऊन जा. भांडी असतील तर फक्त मोठ्या आवाजाची वरची पट्टी खाली आणता येते, हलकं बोलणं आहे तिथेच राहतं. रोज किती तास लावतात हे बहुतेक यंत्रं स्वतःच नोंदवून ठेवतात, तेही उघडून बघायला सांगा.